पंप बदललाच नाही, 20,050 मात्र घेतले

घाटात बंद पडलेली माझी जिप्सी दुरुस्त करायचे गॅरेजवाल्याने असे पैसे घेतले: टाकीतल्या पेट्रोल पंपाचे 11,200, फिल्टरचे 850, टाकी उतरवून परत चढवायची मजुरी 3,500, टोचनचे 4,500. एकूण 20,050 रुपये. यातलं फिल्टर आणि टोचन एवढंच खरं होतं. पंप बदललाच नव्हता, टाकी उतरवलीच नव्हती. ते मला त्याच दिवशी कळायला हवं होतं, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

गाडी 2009 ची जिप्सी, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली). अकरा वर्षं मीच चालवतो. ऑइल, प्लग, ब्रेक शू घरी बदलतो, त्यामुळे याला गाडीतलं काही कळत नाही म्हणून फसला, असं कुणी म्हणू नये. गेल्या जुलैत पोलादपूरहून टाकी फुल करून आंबेनळी घाटाने साताऱ्याला येत होतो. बरोबर आई आणि बायको. अर्ध्या घाटात चढावर गाडीने दोन हिसके दिले आणि बंद पडली. सेल्फ व्यवस्थित फिरत होता, पण इंजिन उचलत नव्हतं. चावी ऑन केली की मागून टाकीतून दोन-तीन सेकंद जी बारीक घूंऽऽ ऐकू येते, ती येत नव्हती. म्हणजे एकतर पंपापर्यंत करंट पोहोचत नाही, नाहीतर पंपच बसला. फ्यूज काढून पाहिला, चांगला होता. पंपाला करंट देणारा स्विच, म्हणजे रिले, बदलून बघायला जवळ दुसरा रिले नव्हता. (आता दोन ठेवतो.) धुकं इतकं की मागून येणाऱ्या गाडीला आम्ही दिसलो असतो की नाही देव जाणे. आईला शुगर आहे, जेवणाची वेळ टळून गेली होती. अशा वेळी माणूस चार ठिकाणी चौकशी करत बसत नाही.

एका टेम्पोवाल्याने नंबर दिला. मिस्त्री तासाभरात जीप घेऊन आला, टोचन लावून आम्हाला खाली गॅरेजात नेलं. चावी फिरवून बघितली आणि लगेच म्हणाला, "साहेब, पंप गेला." प्रेशर गेज लावला नाही, टेस्टरसुद्धा लावला नाही. "कंपनीने ही गाडी बनवणं बंद करून वर्षं झाली, शोरूमला पार्ट मिळणार नाही. माझ्या माणसाकडे मिलिटरी डिस्पोजलचा ओरिजिनल पंप आहे, पण पैसे आधी पाठवावे लागतील." जिप्सी लष्कराने किती वापरली हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मला ते पटलं. 10,000 यूपीआयने पाठवले. स्क्रीनवर नाव तिसऱ्याच माणसाचं आलं. "मेव्हण्याचं खातं आहे," म्हणाला. रात्र लॉजवर काढली, त्याचा खर्च मी धरतच नाही.

सकाळी दहाला गाडी तयार. चावी ऑन केली, घूंऽऽ आली, पहिल्या सेल्फला सुरू झाली. मी सवयीने खाली वाकून टाकी बघितली. टाकीच्या बोल्टांवर घाटातली लाल माती तशीच्या तशी होती. वाळून तडे गेलेली, पण जागची हललेली नाही. एका बोल्टाच्या कडेला गवताची काडी चिकटली होती, तीसुद्धा शाबूत. पाना लागलेला बोल्ट असा दिसतो का? डोकं चकचकीत व्हायला हवं, माती गळून पडायला हवी. शिवाय टाकी फुल होती. ती उतरवायची तर सगळं पेट्रोल आधी कॅनमध्ये काढावं लागतं. गॅरेजात पेट्रोलचा वास नव्हता, त्याच्या हातांना नव्हता, काटा कालच्याच जागी होता.

हे सगळं मला दिसलं. आणि मी विचारलं नाही. आई गाडीत बसली होती, "चल बाबा आता घरी" म्हणत होती. मी फक्त जुना पंप मागितला, तर म्हणाला, "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला." सकाळी दहाच्या आत भंगारवाला! तिथेच चावी काढून घ्यायची, गाडी जॅकवर चढवायला लावायची. त्याऐवजी मी उरलेले 10,050 दिले आणि त्याने दिलेला कागद न वाचता खिशात घातला. त्या कागदावर वर 'एस्टिमेट' छापलेलं आहे. ना बिल नंबर, ना जीएसटी, ना सही. एस्टिमेट म्हणजे बिल नाही, हे लक्षात ठेवा. पैसे देण्याआधी तो कागद वाचा.

अकरा दिवसांनी साताऱ्यात पोवई नाक्यावर गाडी पुन्हा तशीच बंद. पुन्हा टोचन, 3,800. यावेळी माझ्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली आणि पूर्ण वेळ मोबाइलवर व्हिडिओ काढत उभा राहिलो. टाकीचे बोल्ट सुटेनात, तेल मारून अर्धा तास थांबावं लागलं. टाकी खाली आल्यावर पंपाच्या ताटलीचे स्क्रू गंजून बसलेले, एकाचं डोकंच तुटलं. पॅकिंग दगडासारखं कडक. आत कंपनीतून आलेला पहिलाच पंप, त्याची जाळी काळ्या गाळाने बुजलेली. माझा मिस्त्री म्हणाला, "दादा, त्यानं खालनं टाकीला हातोडा मारला असणार. अडकलेली मोटर हादऱ्यानं परत फिरते, चार दिवस चालते." म्हणजे हातोड्याचे दोन ठोके आणि बाहेरचा फिल्टर, एवढ्याचं त्या माणसाने पंपाचं बिल लावलं. खरा पंप 6,400 ला आला, मजुरी 1,800. दोन्ही वेळचे मिळून माझे 32,050 गेले. आणि पार्ट मिळत नाही हे खोटं आहे, मला तो दोन दिवसांत मिळाला.

घाटात गाडी पुन्हा बंद पडली असती आणि मागून ट्रक आला असता तर? मला राग पैशांपेक्षा याचा जास्त आहे.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो तर "घडलं तिथे तक्रार करा." तिथे सुट्टी टाकून गेलो तर "हा गॅरेजचा व्यवहार आहे, दिवाणी मामला, कोर्टात जा." तिसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेब बंदोबस्ताला गेलेले, दोन तास बाकावर बसवलं आणि उद्या या. व्हिडिओ कुणी पाहिलाही नाही. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. न केलेल्या कामाचे, न बसवलेल्या वस्तूचे खोटं बोलून पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय आहे? जुनं 420, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318. आणि हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे. हे माझ्यासारख्या नागरिकाला पोलिसांना सांगावं लागतं! ठाण्यात घेत नसतील तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने, पोलीस अधीक्षकांना पाठवा. तीही सोय त्याच कलमात आहे.

ग्राहक आयोगाचं मात्र सांगून ठेवतो. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद जोडता येते.

जुनी गाडी घेऊन फिरणाऱ्यांनी टाकीच्या बोल्टांवर आजच पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवा, बोल्टावरून पत्र्यावर जाणारी. पाना लागला की रेघ तुटणारच. पंप गेला असं कुणी म्हणालं तर आधी रिले बदलायला लावा, पंपाच्या कनेक्टरला करंट येतो का ते टेस्टरने दाखवायला लावा, अर्थिंग बघायला लावा. जुना पार्ट हातात आल्याशिवाय शेवटचा रुपया देऊ नका. पाव टाकीच्या खाली गाडी चालवू नका, पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं. आणि खात्यावर नाव दुसऱ्याचं दिसलं तर तिथेच थांबा.

अधीक्षकांना पोस्टाने पाठवलेल्या तक्रारीची पोचपावती आली आहे, त्याला आता पाच आठवडे झाले. सोमवारी पुन्हा रजा टाकली आहे. जुना पंप, तुटका स्क्रू आणि तो एस्टिमेटचा कागद घेऊन जाणार आहे.