नवे म्हणून विकलेले सात वर्षांचे टायर

२०२४ च्या जूनमध्ये मी गाडीचे चारही टायर बदलले. नोव्हेंबरात कळलं की नव्यांपैकी तीन टायर माझ्या काढून टाकलेल्या टायरांपेक्षा जुने होते. काहीच न बघता दुकानात गेले असते तर एवढं वाईट वाटलं नसतं. मी बघून गेले होते. फक्त जे बघायचं त्यातलं अर्धंच बघितलं, आणि तेवढ्यावर निर्धास्त राहिले. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

पुढचे दोन टायर झिजले होते. नक्षीच्या खाचांमध्ये आडवे, छोटे रबरी उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की खोली फक्त १.६ मिलिमीटर उरलेली असते आणि टायर बदलावाच लागतो. पुढच्या दोघांचं तसंच झालं होतं. निघण्याआधी मी चालकाच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर वाचला आणि मागच्या टायरचा फोटो काढून घेतला. साइज होती १८५/६५ आर १५ ८८ एच. रुंदी १८५ मिलिमीटर, टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो वजन पेलण्याची क्षमता आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. इतकं पाठ करून गेले होते.

दुकानदाराने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, ‘‘मॅडम, मागचेही संपत आलेत. चारही एकदम टाका, गाडी सरळ चालेल.’’ मी मान्य केलं. मग त्याने १८५/६० चा सेट काढला. ‘‘६५ सध्या नाही, ६० त्याच रिमवर बसतो, काही फरक पडत नाही.’’ इथे मी ठाम राहिले. फरक पडतो. त्या साइजच्या टायरचा व्यास साधारण १८ मिलिमीटरने कमी भरतो, त्यामुळे स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवायला लागतो आणि गाडी जमिनीला आणखी जवळ येते. त्याहून महत्त्वाचं, त्याने काढलेल्या टायरवर ८४ लिहिलं होतं, म्हणजे ५०० किलो. एका टायरमागे ६० किलो कमी, चार टायरांमागे २४० किलो. घरची माणसं आणि सामान भरून गाडी निघते तेव्हा नेमकं तेवढंच वजन जास्त असतं. मी हे सगळं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, ‘‘तुम्हाला बरंच माहीत आहे. थांबा, आतून मागवतो.’’

दहा मिनिटांत आतून एक टायर आला. साइज बरोबर, ८८ एच बरोबर. त्यानेच बोट ठेवून मला तारीख दाखवली: ०७२४. टायरच्या साइडवॉलवर डीओटी या अक्षरांपासून सुरू होणारा एक लांब कोड असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कधी बनला ते. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ०७२४ म्हणजे २०२४ चा सातवा आठवडा, जेमतेम चार महिन्यांचा टायर. ‘‘फ्रेश माल आहे, एसीत बसा, अर्ध्या तासात गाडी तयार.’’ मी आत जाऊन बसले. माझी खरी चूक ती.

पाच महिन्यांनी मागचा डावा टायर पंक्चर झाला. स्टेपनी लावून मी रस्त्यावरच्या एका पंक्चरवाल्याकडे गेले. काकांनी टायर आडवा टाकला, पाणी मारून खिळा शोधला, मग थांबले. अंगठ्याने नक्षीची खाच ताणून धरत म्हणाले, ‘‘ताई, हे बघा.’’ खाचेच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा होत्या. बोट सोडलं की मिटायच्या, ताणलं की उघडायच्या. वरून टायर काळाभोर, नक्षी भरपूर खोल. ‘‘केव्हा घेतलात?’’ म्हणाले. जूनमध्ये, म्हटलं. त्यांनी काही न बोलता टायर उलटा केला. आतल्या बाजूला, गाडीखाली झोपल्याशिवाय कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, कोड होता. शेवटचे आकडे ४११७.

४११७, म्हणजे ऑक्टोबर २०१७.

हा पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतो. दुसऱ्या बाजूला बऱ्याचदा अर्धाच कोड असतो, तारखेविना. म्हणजे टायर कोणत्या बाजूने रिमवर चढवायचा एवढं ठरवलं की तारीख लपते. काकांनी मग टॉर्च घेऊन उरलेले टायर तपासले. मागचा उजवा ४११७. पुढचा एक ४११७, तोही आतून. चौथ्या टायरचा कोड तेवढा बाहेरच्या बाजूला होता: ०७२४. मला दाखवलेला तो हाच. तो चालकाच्या बाजूला पुढे लावला होता. दार उघडलं की रोज नजरेस पडेल, असा.

घरी येऊन मी तो जूनमधला फोटो उघडला. साइज दिसावी म्हणून काढलेला, पण कोपऱ्यात कोडही आला होता: ३५२०. माझे जुने टायर २०२० चे होते. मोठा करून बघितल्यावर हेही दिसलं की मागच्या टायरचे उंचवटे नक्षीच्या बरेच खाली होते, तो टायर अजून चालला असता. म्हणजे मागचे चार वर्षांचे धड टायर काढून घेतले आणि त्या जागी जवळपास सात वर्षांचे लावून दिले. जुने टायर ‘‘आम्ही टाकून देतो’’ म्हणत त्यांनीच ठेवून घेतले होते. ते कुणाच्या गाडीला लागले असतील, हा विचार मला अजून त्रास देतो.

दुकानात परत गेले. पहिलं उत्तर मिळालं, ‘‘टायर चाललेलाच नाही, म्हणजे नवाच ना?’’ दुसरं, ‘‘वॉरंटी तुमच्या बिलाच्या तारखेपासून आहे.’’ मी बिल काढलं. त्यावर फक्त ‘टायर – ४ नग’ असं होतं, ना साइज ना कोड. ते बघून तिसरं उत्तर आलं, ‘‘हे टायर आमच्याकडचेच कशावरून?’’ त्यापुढे माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

पहिल्या उत्तराबद्दल थोडं लिहायला हवं, कारण ते ऐकायला पटतं आणि बरेच जण तिथेच गप्प बसतात. न चाललेला टायर झिजत नाही, हे खरं. पण झिजणं वेगळं आणि जुनं होणं वेगळं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, उष्णता, ऊन यांनी रबर हळूहळू कडक होत जातं. चिरा पडू नयेत म्हणून रबरात मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात आणि टायर फिरताना, दबताना ते पृष्ठभागावर येत राहतात. पडून राहिलेल्या टायरला ते संरक्षण नीट मिळत नाही. कडक झालेलं रबर ओल्या रस्त्यावर पकड धरत नाही, मग नक्षी कितीही खोल असो. थंड, अंधाऱ्या, कोरड्या जागी नीट ठेवलेला वर्षभराचा टायर घ्यायला माझी हरकत नाही, तो चांगलाच असतो. पण काही गाड्यांच्या कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, आणि टायर कंपन्यांच्या सल्ल्यात दहा वर्षं ही शेवटची मर्यादा असते. माझे टायर पहिल्याच दिवशी सहा वर्षं ओलांडून आले होते. त्या दुकानाबाहेर उन्हात रचलेली टायरांची चळत मी जूनमध्ये बघितली होती. तेव्हा नुसती बघितली.

चकाकीवरही जाऊ नका. पॉलिश मारलं की बाजूचं रबर कोवळं दिसतं. माझ्या टायरांवरची चकाकी पावसाच्या दोन सरींत गेली आणि खालचा रंग राखाडी, करपट निघाला. मला वाटलं धूळ बसलीय.

टायर घ्यायला जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की चारही टायर रिमवर चढण्याआधी जमिनीवर मांडायला लावा आणि प्रत्येकाचा कोड स्वतः वाचा, फोटो काढा. एक वाचून चालत नाही, चारही वाचा. मग टायर चढेपर्यंत तिथून हलू नका, आत बोलावलं तरी. बिलावर साइज, वजनाचा आकडा, वेगाचं अक्षर आणि चारही तारखा लिहून घ्या. दुकानदार लिहायला कां-कूं करू लागला की तिथून निघा. जुने टायर चांगले असतील तर सोबत घेऊन या, निदान त्यांचे फोटो तरी ठेवा. दोनच बदलायचे असतील तर नवे दोन मागे लावा. लोक उलट करतात, पण ओल्या वळणावर मागची चाकं घसरली तर गाडी सावरणं फार कठीण जातं.

त्या तीन जुन्या टायरांच्या जागी नवे टायर मी दुसरीकडून घेतले. तिघांना जमिनीवर मांडायला सांगितलं आणि उकिडवी बसून एकेक कोड वाचला. एकाची तारीख सापडेना, म्हणून उलटा करायला लावला, तेव्हा मागच्या बाजूला मिळाली. मालकाने विचारलं, ‘‘तारीख बाहेर ठेवू का?’’ त्या टायरांवर ‘ही बाजू बाहेर’ अशी खूण नव्हती, फिरण्याच्या दिशेचा बाणही नव्हता, म्हणजे कोणतीही बाजू बाहेर चालत होती. खूण किंवा बाण असता तर तसंच बसवावं लागलं असतं, तारीख आत गेली तरी. मी हो म्हटलं, आणि तिसरा टायर रिमवर चढेपर्यंत मशीनशेजारी उभी राहिले.