रेसिंगसाठी पहिली गाडी: जुनी मारुती 800 की जुनी मारुती एस्टीम?

भाचा विक्रोळीला एसी रिपेअरिंगची कामं करतो. ओव्हरटाइमचे पैसे बाजूला टाकत दोन लाख जमवले आणि गणपतीत आरती संपल्या संपल्या मला म्हणाला, "मामा, एस्टीम घेतोय. रेसिंगला." त्याला मोदक खाऊ दिले आणि मग दोन तास डोकं खाल्लं. त्याच्यासारखी पोरं मुंबईत पुष्कळ आहेत, म्हणून तेच इथे लिहितो.

एस्टीमची भुरळ खोटी नाही. नंतरच्या एमपीएफआय मॉडेलमध्ये (म्हणजे कार्बोरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणाऱ्या) 1.3 लिटरचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, 85 बीएचपी ताकद, आणि गाडीचं वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास. समोर 800 ठेवा: 796 सीसी, तीन सिलिंडर, 37 बीएचपी, वजन साडेसहाशेच्या घरात. टनामागे हिशोब केला तर एस्टीम 97 बीएचपी, 800 जेमतेम 57. सरळ रस्त्यावर 800 वाल्याने एस्टीमचे टेललाइट बघत बसायचं. शिवाय चेन्नई-कोइम्बतूरकडच्या ट्यूनरांना, म्हणजे रेसिंगची इंजिनं बांधणाऱ्यांना, ते इंजिन पाठ आहे; तिकडच्या एलजीबी फॉर्म्युला 4 रेसच्या सिंगल सीटरमध्ये (एका सीटच्या रेसिंग गाडीत) बसवलेलं इंजिन तेच.

पण 37 बीएचपीला हसू नका. कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी याच 800 चं इंजिन सिंगल सीटरमध्ये घालून फॉर्म्युला मारुती उभी केली, आणि भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन त्याच गाड्यांतून पुढे गेला.

आता मुंबईचा प्रश्न. एस्टीम पळवायची कुठे? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा, कोइम्बतूरचा कारी 2.1 चा, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट 5.1 चा. मुंबईत शून्य. चेन्नई तेराशे किलोमीटरच्या पुढे. सीटा काढलेली, आत रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा) वेल्ड केलेली गाडी रस्त्यावरून न्यायला गेलात तर गाडीतल्या फेरफारांवरचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, म्हणजे ट्रक किंवा ट्रेलर आला. दोन दिवसांच्या रेससाठी गाडी चार-पाच दिवस भाड्याच्या ट्रकवर. त्यापेक्षा सर्किटच करायचं असेल तर तिकडच्या टीमकडे एका राउंडची सीट भाड्याने घ्या. हेल्मेट घेऊन ट्रेनने जा, एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं, लायसन्स तेवढं आधी काढा.

आपल्या आवाक्यात आहे ते ऑटोक्रॉस. मोकळं मैदान, प्लास्टिकचे शंकू म्हणजे कोन लावलेले, एका वेळी एकच गाडी आणि स्टॉपवॉच. कोन पाडला की वेळेत दंड. बराचसा खेळ दुसऱ्या गिअरमध्ये, आणि तिथे एस्टीमचं लांब बूड आडवं येतं. 800 कोनाला वळसा घालून निघून जाते, जणू दादरच्या फुलबाजारातून हातगाडी काढतोय. वर्ग बहुधा सीसीवर पाडतात, त्यामुळे 800 वाल्याला एस्टीमशी भिडावंही लागत नाही. कमी ताकदीची गाडी आणखी एक गोष्ट करते: ब्रेक उशिरा मारला, स्टिअरिंग जास्त वळवलं, की चूक लगेच वेळेत दिसते. एस्टीममध्ये पाय दाबून ती झाकता येते.

दुरुस्तीचं सांगायचं तर 800 चे सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आजही हिंडून मिळतात आणि गिअरबॉक्स दोन माणसं सहज उचलून नेतात. 12 इंची टायर स्वस्त, फक्त चांगल्या ग्रिपचे फारसे मिळत नाहीत. एस्टीमच्या 13 इंचीत निवड जास्त, पण गाडी 2007 लाच बंद झाली, त्यामुळे हेडलाइट किंवा दाराची काच फुटली की शोधमोहीम सुरू.

आणि मिस्त्री. प्रीमियर पद्मिनीचा कारखाना कुर्ल्यातच होता. त्या काळ्या-पिवळ्यांवर हात बसलेले उस्ताद अजून त्या भागात आहेत. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत 2023 च्या ऑक्टोबरअखेर संपली, उस्तादांची नाही. माझा उस्ताद इंजिनाच्या टॅपेट कव्हरवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक ठेवतो, मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "दोन नंबर ढीला है." कार्बोरेटरची 800 तो कटिंग चहा संपायच्या आत लाइनीवर आणतो. एमपीएफआय गाडीला, मग ती एस्टीम असो की नंतरची 800, तो हात जोडतो आणि स्कॅनरवाल्याकडे धाडतो.

मी स्वतः एस्टीम पाळली आहे. चाळीत जागा नाही म्हणून मित्राच्या वखारीमागे ताडपत्रीखाली ठेवली. पावसाळा संपल्यावर किल्ली फिरवली, काहीच नाही. बॉनेट उघडलं तर उंदरांनी वायरिंग कुरतडून बॅटरीशेजारी बिऱ्हाड मांडलेलं. 800 असती तर रोज दूध आणायला नेली असती आणि ही वेळ आली नसती.

कागदांकडे नीट बघा. 800 चं उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबलं, पण मुंबईत विक्री 2010 मध्येच बंद झाली होती. म्हणजे मुंबई पासिंगची 800 पंधरा वर्षांपुढचीच, आणि नूतनीकरणाचं शुल्क 5,000. वीस वर्षं ओलांडली तर 2025 पासून 10,000. म्हणून एमएच-09 (कोल्हापूर) किंवा एमएच-11 (सातारा) पासिंगची, 2012-13 ची शोधा. घाटावर अशा गाड्या अजून फिरतात. पाच गिअरची 45 बीएचपीवाली 800 काही वर्षं आली होती. ती मात्र जुनी असली तरी सोडू नका. विमा कुठल्याही गाडीचा असो, स्पर्धेत झालेलं नुकसान त्यात धरत नाहीत. आणि रात्री बीकेसीत किंवा पाम बीचवर "ट्रायल" घ्यायची हुक्की आली तर कलम 189 आहे: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय त्या वेळी रस्त्यावर कोणीतरी शिफ्ट संपवून घरी चाललेलं असतं.

गाडी घ्यायचीच नसेल तर कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांची रेस आहे, कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे. ड्रॅगचं, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीचं वेड असेल तर मात्र एस्टीमच घ्या. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 800 नेऊन कोणाला दाखवणार?

भाच्याला मी 800 सांगितली. दोन लाखांतले निम्मे गाडीला, उरलेले हेल्मेट, हार्नेस (रेसिंगचा सीट बेल्ट), टायर आणि ब्रेकला. त्याचं तोंड उतरलं. रविवारी तरीही कळव्याला एक एस्टीम बघायला जायचंय म्हणतो. जाऊ दे. सांगितलंय, इंजिन थंड असतानाच चालू करून घे, निळा धूर बघ, पायाखालचं मॅटिंग उचलून पत्रा बघ आणि फ्रिजवरचा मॅग्नेट खिशात टाकून ने. जिथे चिकटणार नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुटी भरलेली आहे.