दादरची बॉक्स फ्रेम: स्ट्रेचरवाल्याची पदकं आणि चित्रं एकत्र

दादर पश्चिमेच्या एका फ्रेमिंगच्या दुकानात बनवलेली ही सागवानी पेटी-फ्रेम. पहिल्या महायुद्धात जखमींना स्ट्रेचरवरून आणणाऱ्या एका बेअररची तीन पदकं आणि त्यानेच काढलेली दोन लहान जलरंगचित्रं तिच्यात बसवली आहेत. माप 14 बाय 18 इंच, आत 25 मिमी खोली. सुतारकाम अव्वल, कोपऱ्यांत नखही शिरत नाही. आतलं काम मात्र उभं राहून करून घ्यावं लागतं.

पदकांचा क्रम लिहूनच द्या. बघणाऱ्याच्या डावीकडून इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल (हे शौर्याचं, म्हणून पहिलं), मग ब्रिटिश वॉर मेडल, मग व्हिक्टरी मेडल. दुकानात आधी मखमलीवर गरम ग्लूने चिकटवायचा बेत होता, तो मोडून काढावा लागला. रिबिनीच्या वरच्या दांडीला पांढऱ्या सुती दोऱ्याचे दोन फेरे आणि गाठ बोर्डामागे, एवढं पुरतं. कडेवर कोरलेलं नाव, नंबर आणि युनिट वाचायचं झालं की दोरा कापून पदक सुटं होतं. चांदी काळी पडली म्हणून पॉलिशला देऊ नका, पहिली झिजतात ती हीच अक्षरं. लोकरी फेल्ट आणि रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते, म्हणून मागे धुतलेलं साधं सुती कापड. माहीमच्या खाडीच्या वासातलं घर असेल तर हे विशेष पाळा, त्या वासातही गंधक असतं.

चित्रांत खरी जोखीम आहे. एकात मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) चिखलातून चौघे स्ट्रेचर उचलताहेत. मागच्या एकाचा मोकळा हात कापडाखाली गेलाय, जखमीचं डोकं सावरायला. ओझं स्वतः वाहिलेला माणूसच असा हात चितारेल. असा कागद फेव्हिकॉलने चारही बाजूंनी चिकटवला तर जुलैत फुगतो आणि त्याला जायला जागा नसल्याने लाटा पडतात. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या सत्त्वाची खळ, बाकी कागद मोकळा. दुकानाने हे सांगितल्यावर नीट केलं. काच आणि कागद यांच्यात 6 मिमी अंतर ठेवलं, नाहीतर दमट हवेत रंग काचेला चिकटतो.

एक चूक राहिली. पाठीला एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) लावला होता, त्यातून आम्लाची वाफ निघते. तो काढून आम्लरहित बोर्ड घालायला लावला, त्यात चार दिवस जास्त गेले. अतिनील किरणं अडवणारी काच मागा, साध्या काचेपेक्षा महाग पडते, पण किरमिजी रंग उडाला की परत येत नाही.

खालच्या दोन कोपऱ्यांना मागून 5 मिमीची सिलिकॉनची बटणं लावून घ्या, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांच्यात हवा खेळते. जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतीवर टांगू नका.