‘तुमच्यासाठी खास’ सॉफ्टवेअर आणि अडकलेली खतावणी

नागपुरात इतवारी, गांधीबाग, कळमना भागातल्या व्यापाऱ्याला सॉफ्टवेअरच्या नावावर गंडवणारा माणूस बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरुवात करतो: ‘भाऊ, तुमच्या धंद्याला रेडिमेड चालणारच नाही.’ वाक्य अर्धे खरे असते, म्हणूनच ते पटते. मिरचीच्या अडतीत कट्ट्यामागची हमाली, तोलाई, बारदान्याची वजावट, शेतकऱ्याला आधी दिलेली उचल हे सगळे साध्या बिलिंग पॅकेजमध्ये बसवताना मुनीम खरोखर जेरीस येतो. विकणारा नेमकी हीच नस धरतो.

दोन दिवसांत डेमो येतो. पंचवीस-तीस स्क्रीन आणि वर तुमच्या पेढीचे नाव. जे तुमच्यासाठी अजून बनायचे आहे, ते दोन दिवसांत तयार कसे? बहुधा ते स्वस्तात मिळालेले तयार पॅकेज असते, फक्त नाव बदललेले. तयार माल विकण्यात गैर काही नाही. पण तोच माल ‘नवा बनवला’ म्हणून अनेक पट भावात देणे ही सरळ फसवणूक आहे.

डेमो बघत बसू नका, माऊस आपल्या हातात घ्या. कालच्या दहा खऱ्या हिशेबपट्ट्या तिथेच भरायला लावा. एका पट्टीत उचल वळती करा, एकीत माल परत घ्या, एक बिल रद्द करा. मग दोन कॉम्प्युटरवर एकाच क्षणी बिल सेव्ह करा. कच्च्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही बिलांना एकच नंबर पडतो, कारण तो शेवटचा नंबर वाचून त्यात एक मिळवतो आणि मधल्या वेळेत दुसऱ्याला अडवत नाही. जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे बिलाचा नंबर सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त 16 अक्षरांचा लागतो. नंबर दुबार झाला की विवरणपत्रात अडचण आलीच.

ई-इन्व्हॉइसच्या, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाच्या, डेमोत तर उघड बनवाबनवी चालते. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवरील उलाढालीला ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे. डेमोतल्या बिलावर क्यूआर कोड झळकतो, पण तो कुठल्याही फुकट साधनाने बनवता येतो. खरा कोड सरकारी पोर्टलवरून डिजिटल सही होऊन येतो आणि सोबत 64 अक्षरांचा आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा संदर्भ क्रमांक, असतो. सरकारी पडताळणी ॲपने कोड स्कॅन करून बघा, लगेच कळते.

आता पैसे. 2,00,000 रुपयांचा सौदा धरा, वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 36,000. कोटेशन एका पानाचे असते: अर्धे ॲडव्हान्स, 30 टक्के डेमो पास झाल्यावर, 20 टक्के बसवल्यावर. म्हणजे पहिले खरे बिल निघायच्या आत 1,60,000 गेलेले असतात. शिवाय ‘डेमो पास’ म्हणजे काय, हे कुठेच लिहिलेले नसते. पुढे प्रत्येक दुरुस्ती ‘ॲडिशनल’ ठरते. आमचे मत ठाम आहे: कराराच्या सहीला 10 टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नये. किमान 30 टक्के रोखून ठेवावेत आणि जुनी व नवी पद्धत एक पूर्ण महिना सोबत चालवून पुढच्या 11 तारखेचे जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचे विवरणपत्र, दोन्हीकडे तंतोतंत जुळल्यावरच सोडावेत.

सगळ्यात खोल घाव मात्र मालकीचा. सर्व्हर त्याच्या नावावर, डोमेन त्याच्या नावावर, डेटाबेसचा पासवर्ड त्याच्याकडे. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा नीट बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तारखेनुसार दर भरणे हे मुनीमाचे काम होते. ज्यांच्या प्रोग्रॅममध्ये दर कोडमध्येच कोंबले होते, त्यांना त्यासाठीही बनवणाऱ्याच्या दारात उभे राहणे भाग होते. वार्षिक देखभालीचे पैसे थांबवले की लॉगिन बंद होते आणि उधारीची यादीही आत अडकते.

पैसे मोजले म्हणजे सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) आपला झाला, हा समज चुकीचा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात बाहेरच्या माणसाकडून करारावर लिहून घेतलेल्या प्रोग्रॅमचा पहिला मालक सर्वसाधारणपणे लिहिणाराच असतो. हक्क आपल्याकडे यायला सहीचा लेखी दस्त लागतो. त्यात मुदत नसेल तर ती 5 वर्षे धरतात आणि प्रदेश नसेल तर भारतापुरता. म्हणून दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. ‘बॅकअप देतो’ यावरही विसंबू नका, कारण अनेकदा हातात रिपोर्टच्या पीडीएफ पडतात. डेटाबेसची पूर्ण फाइल मागा आणि ती तिसऱ्याच माणसाकडून वेगळ्या कॉम्प्युटरवर चालू करून बघा. उघडली नाही तर तो बॅकअप नव्हे.

बनवायचे की विकत घ्यायचे? खाते, जीएसटी, पगार कधीही बनवून घेऊ नका. कायदा बदलत राहतो आणि त्याचा खर्च तयार पॅकेजमध्ये हजारो ग्राहकांत वाटला जातो. पेढी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची बंद न करता येणारी नोंद लागते, आणि घरगुती प्रोग्रॅममध्ये तीच नेमकी राहून जाते. बनवायचाच तर तुमच्या धंद्याचा वेगळा तुकडा, म्हणजे अडतीची पट्टी, तेवढाच बनवा आणि तिथून नोंदी एक्सएमएल फाइलने टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या तयार पॅकेजमध्ये, न्या. हा तुकडा उद्या बंद पडला तरी खतावणी हातात राहते.

फसगत झालीच असेल तर ग्राहक आयोगाची वाट अरुंद आहे. 2019 च्या कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा बसत नाही, फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सवलत आहे. पोलीस बहुतेकदा ‘दिवाणी मामला’ म्हणतात. डेमोत काय कबूल केले होते ते व्हॉट्सॲपवर लिहून घेतलेले असेल तर वकिलाच्या नोटिशीला वजन येते. पण भांडण काढण्याआधी, लॉगिन चालू आहे तोवर, आजच रात्री उधारीची यादी, मालाचा साठा आणि प्रत्येक शेतकऱ्याचा खातेउतारा एक्सेलमध्ये काढून घ्या. नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेली बिले जीएसटी पोर्टलवरून पुन्हा मिळतील. रोखीची उधारी आणि उचल तिथे कुठेच नसते.