ग्रिग्री की रिव्हर्सो?

फोंड्याहून बदामीला रॉक क्लाइंबिंगला जायचं ठरलं की आमच्या गटात हा प्रश्न हमखास निघतो: बिलेसाठी, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळून तो पडला तर त्याला अडवण्यासाठी, एकच डिव्हाइस घ्यायचं, तर ग्रिग्री की रिव्हर्सो?

बदामीच्या वालुकाश्मावर बोल्ट मारलेले रूट, म्हणजे चढाईच्या वाटा, आहेत. चढणारा एकेका मूव्हवर अडतो, पुन्हा पुन्हा दोरावर लटकतो. तिथे ग्रिग्रीसारखं सुख नाही. झटका बसला की आतला कॅम फिरून दोर आवळतो. पण वजन १७५ ग्रॅम, आणि चालतो तो एकेरी दोरच.

रिव्हर्सो साठेक ग्रॅमचं, हलणारा एकही भाग नाही. सह्याद्रीतल्या सुळक्यावरून दुहेरी दोरावर रॅपल करायचं, म्हणजे दोराने खाली उतरायचं, तर हेच हवं. वर अँकरला, म्हणजे खडकातल्या पक्क्या आधाराला, गाइड मोडमध्ये (वरून बिले द्यायच्या पद्धतीने) लावलं की मागून येणारा पडला तरी दोर आपोआप अडतो. खाली उभं राहून बिले देताना मात्र पडणाऱ्याला रोखतो तो फक्त तुमचा हात.

आपल्याकडे समुद्राची खारी हवा. ग्रिग्रीत वाळू, मीठ अडकतं, ती जास्त जपावी लागते.

माझं स्पष्ट मत: पहिलं रिव्हर्सो घ्या. पुढे ग्रिग्री आलीच, तरी ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा, हात दोरावरून कधीच सोडू नका.