पहिले उड्डाण: पेटीतले तयार विमान की घरी बांधलेले?

रेडिओ-नियंत्रित विमानाचे पहिले उड्डाण कशाने करावे, हा प्रश्न मी दोनदा सोडवला आहे. पहिल्या खेपेला पेटीतून निघालेले तयार फोमचे विमान घेतले, आणि दुसऱ्या खेपेला स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा ५ मिलिमीटर जाडीचा फोमबोर्ड कापून स्वतः बांधले. दोन्हींचा पंख वरच्या बाजूला होता आणि दोन्ही तीन चॅनेलची (मोटरचा वेग आणि शेपटीचे दोन हलते भाग एवढेच रेडिओवरून चालवता येणारी) होती, त्यामुळे मोटर-बॅटरीच्या तपशिलात शिरत नाही.

तयार विमानाचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. त्याचे पंख सरळ असतात, मोटर जेवढी उजवीकडे आणि खाली कललेली हवी तेवढीच कललेली असते, गुरुत्वमध्याची खूण पंखाखाली छापलेली असते, आणि संध्याकाळी पेटी उघडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर जाता येते. माझ्या विमानात तोल सावरणारा जायरोही होता. तो उपकारकच होता, फक्त विमान माझ्यामुळे सरळ उडत आहे की त्याच्यामुळे, हे मला तिसऱ्या उड्डाणापर्यंत कळले नाही.

घरच्या विमानाला आठ संध्याकाळी लागल्या आणि तरीही डावा पंख किंचित पिळलेला राहिला. उंच गवतावर मोटर बंद ठेवून ते हलकेच फेकले की दर वेळी डावीकडे झुकायचे. पंख पुन्हा सरळ करून आणि बॅटरी दोन बोटे पुढे सरकवून मगच ते शहाण्यासारखे तरंगू लागले. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर असावा, हे मी आधी वाचलेले होते; पण दोन बोटांवर विमान तोलून धरल्यावर नाक किती खाली जायला हवे, हे त्या गवतावरच कळले. सर्वो (शेपटीचे भाग हलवणारी छोटी मोटर) उलटा फिरतो आहे, हेही टेबलावरच लक्षात आले. विमानाच्या मागे उभे राहून काठी उजवीकडे नेली की रडर (शेपटीची उभी हलती पट्टी) उजवीकडे वळला पाहिजे, आणि काठी स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) वर उचलला गेला पाहिजे. तयार विमानाबाबत मी ही तपासणी कारखान्यावर सोपवून मोकळा झालो होतो, जे अर्थातच चूक होते.

तरीही या कशामुळेही तयार विमानच बरे हे माझे मत बदलले नसते. ते बदलले मोटर धरून ठेवणाऱ्या, आगपेटीपेक्षाही लहान अशा प्लॅस्टिकच्या तुकड्यामुळे. मे महिन्यातल्या चौथ्या उड्डाणात विमान माझ्याकडे तोंड करून येत असताना डावे-उजवे उलटे झाले, आणि ते नाकावर आपटले. फोम चिकटवता आला, पंखाला तर ओरखडाही नव्हता, पण तो तुकडा फुटला होता. तो सुटा मिळेना. विक्रेत्याने आधी पूर्ण धड घ्या असे सुचवले, मग तेही शिल्लक नसल्याचे कळवले, आणि परदेशातून मागवलेला तुकडा येईपर्यंत पाच आठवडे गेले. तोवर माळावर चिखल झाला होता. एरवी धडधाकट असलेले विमान कपाटावर ठेवून पूर्ण पावसाळा काढताना जी चिडचिड झाली, ती मी अजून विसरलेलो नाही; शिवाय बोटांना जी थोडी सवय लागली होती, तीही त्या काळात गेली.

घरचे विमान त्यानंतर याच काळात बांधले. फ्लाइट टेस्ट या यूट्यूब वाहिनीच्या विमानबांधणीच्या मोफत नकाशांप्रमाणे त्याची मोटर एका सुट्या पेटीवर बसते, आणि ती पेटी बांबूच्या दोन काड्यांनी धडात अडकवलेली असते. पहिल्याच सकाळी मी ते तितक्याच जोरात आपटले. पेटी चुरगळली, एक काडी मोडली. घरी येऊन उरलेल्या फोमबोर्डातून नवी पेटी कापली, ग्लू गनने चिकटवली, आणि पुढच्या रविवारी विमान पुन्हा हवेत होते. नवशिक्याचे विमान पडणारच, तेव्हा ते किती देखणे उडते यापेक्षा किती लवकर पुन्हा उडते, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

अर्थात, ज्यांना आठ संध्याकाळी काढणे शक्य नाही किंवा कापण्या-चिकटवण्याची आवडच नाही, त्यांना मी तयार विमान घेऊ नका असे म्हणणार नाही. अनुभवी माणूस शेजारी उभा राहणार असेल तर ते कदाचित अधिक सोयीचेही ठरेल. मात्र विकत घेण्यापूर्वी मोटरचा तो आधार सुटा मिळतो का, हे दुकानदाराला विचारावे, आणि मिळत असेल तर दोन तुकडे त्याच दिवशी घ्यावेत. घरी बांधणाऱ्याने पहिल्याच दिवशी तीन पेट्या कापून ठेवाव्यात.

माझी दोन्ही विमाने २५० ग्रॅमपेक्षा जड, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांतील नॅनो या सर्वांत हलक्या गटाबाहेरची आहेत. आपला माळ डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या क्षेत्रात (जिथे उडवायला आधी परवानगी लागत नाही) येतो का, हे आधी पाहून घेतले होते. वारा मात्र दोघांत भेद करतो: फोमबोर्डचे हलके विमान आमच्याकडे साडेआठनंतर डुलू लागते, तयार विमान आणखी तासभर तग धरते. म्हणून मी साडेसहालाच माळावर पोहोचतो.