मोटरहोमच्या शॉवरचा वास: पाण्याचा ट्रॅप ठेवावा की कोरडा व्हॉल्व्ह बसवावा?

घरातली मोरी जागची हलत नाही, म्हणून तिथला ट्रॅप वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो. मोटरहोमच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीच्या, शॉवरखाली तोच पी-ट्रॅप असतो: वाकवलेली नळी आणि तिच्या बाकात साधारण दोन इंच पाणी. न्हाणीघर आणि ग्रे टँक (सांडपाण्याची टाकी) यांच्यामध्ये आडोसा काय तो एवढाच. ब्रेक दाबला, वळण घेतलं की हे पाणी हिंदकळून पुढे जातं. अमेरिकेतल्या ॲरिझोना-नेवाडाच्या उन्हाळ्यात गाडी काही आठवडे उभी राहिली तर ते सुकून जातं. खिडक्या बंद ठेवून छतावरचा पंखा लावला तर पंख्याला हवा कुठून तरी लागतेच. मग ती मोरीतून, टँकमधला वास घेऊन वर येते.

या ट्रॅपच्या जागी बिनपाण्याचा व्हॉल्व्ह बसवावा का, हा प्रश्न इथूनच सुरू होतो. पण सुटे भाग मागवण्याआधी वास नक्की कुठून येतो ते शोधा.

सर्वात आधी प्रोपेन, म्हणजे गाडीतला स्वयंपाकाचा गॅस. गळती कळावी म्हणून त्यात मिसळलेल्या मरकॅप्टनचा वास कुजक्या अंड्यासारखा असतो आणि तो मोरीचा समजण्याची चूक सहज होते. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास शेगडी, फ्रिज किंवा गॅसच्या नळीजवळ असेल तर कुठलंही बटण न दाबता सगळ्यांना बाहेर काढा, बाहेरून सिलिंडर बंद करा. शंका पूर्ण फिटेपर्यंत उदबत्तीसुद्धा नको.

वास फक्त गरम पाण्याला येत असेल तर दोष वॉटर हीटरमध्ये आहे. मॅग्नेशियमचा ॲनोड (गंज रोखणारा दांडा) असलेल्या टाकीत जिवाणूंमुळे कुजक्या अंड्यासारख्या वासाचा वायू तयार होतो. टाकी धुऊन निर्जंतुक करावी लागते. टॉयलेटच्या भांड्यातलं पाणी रात्रभरात उतरत असेल तर तळाचं रबरी सील गेलंय. सिंकखाली नळीच्या टोकाला हाताने फिरवून निघणारी छोटी टोपी असते, ती हवेची झडप; ती हवा फक्त आत घेते, बाहेर सोडत नाही. ती उघडी अडकली की वायू थेट कपाटात येतो. बंद अडकली तर सिंक गुडगुडतं आणि ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं. झडप स्वस्त असते, सरळ नवी लावा.

आता शॉवर. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा. खिडक्या बंद करून पंखा लावा आणि पट्टी जाळीवर धरा. ती वर फडफडली तर हवा तिथूनच येतेय. मग जाळीत अर्धा लिटर पाणी ओता आणि पुन्हा पाहा. पट्टी शांत झाली तर ट्रॅप रिकामा होता. पट्टी आधीपासून शांत आहे आणि तरी वास येतो? मग जाळीखालची केस-साबणाची बुळबुळीत चिकट पुटं तपासा. ती पाण्याच्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळे कुठलाही व्हॉल्व्ह त्यांच्यावर उपाय नाही. ब्रशनेच घासावी लागतात.

पाणी ओतल्यावर वास जातो, पण प्रत्येक प्रवासानंतर परत येतो, असं असेल तरच पुढची तुलना तुमच्या कामाची.

कोरड्या व्हॉल्व्हमध्ये सर्वाधिक दिसतो तो हेपव्हो. सरळ नळी, आत सिलिकॉनची चपटी पिशवी. पाणी आलं की तिचे ओठ उघडतात, गेलं की मिटतात. हिंदकळायला किंवा सुकायला पाणीच नाही. आडवा बसतो, म्हणून शॉवरखालच्या अरुंद जागेत मावतो. हिवाळ्यात फरक आणखी जाणवतो. पी-ट्रॅपमध्ये गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं आरव्ही अँटिफ्रीझ (मोटरहोमसाठीचं, पाणी गोठू न देणारं द्रव) कपभर ओतावं लागतं (मोटारीचं कधीच नाही, ते विषारी असतं). हेपव्होत पाणी साठत नसल्याने गोठून फुटायची भीती नाही.

त्याचा शत्रू म्हणजे केस. एक लांब केस ओठांत अडकला की ते पूर्ण मिटत नाहीत, आणि ती फट वरून दिसत नाही. घरात लांब केसांची माणसं असतील तर बारीक जाळी हवीच. तुंबल्यावर स्प्रिंगची तार घालू नका, पिशवी फाटेल. व्हॉल्व्ह काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचा, म्हणजे हात पोचेल अशा जागीच बसवायचा. पी-ट्रॅपचं इथे पारडं जड: हाताने नट सैल करा, खाली बादली धरा, कचरा काढा. शिवाय हेपव्होची किंमत त्याच्या काही पट.

तुमचं स्वतःचं वाहन असेल, महिन्यातून एखाद-दुसरी सहल आणि बाकी वेळ गाडी उभी, तर शॉवरला हेपव्होच घ्या; पैसे वसूल होतात. एकाच कँपग्राउंडवर महिनोन्‌महिने राहून रोज अंघोळ होत असेल तर पी-ट्रॅप पुरतो. भाड्याच्या गाडीत दोन्हींचा विचार नको. निघताना मोरीला रबरी बूच लावा, मुक्कामी पोचल्यावर मगभर पाणी ओता. स्वयंपाकघराच्या सिंकलाही आमच्या मते पी-ट्रॅपच बरा, कारण वरण-तुपाचा ओशटपणा पिशवीच्या ओठांना चिकटतो. खरकटं आधी कागदाने पुसून काढलंत तर ग्रे टँकही कमी घाण होईल.

हेपव्हो बसवताना नळीवरचा बाण प्रवाहाच्या दिशेने ठेवा. उलटा बसला तर पाणी तुंबेल. आडव्या नळीला दर फुटामागे पाव इंच उतार द्या. व्हॉल्व्ह पॉलिप्रॉपिलीनचा असतो, त्याला पाइप चिकटवायचं सिमेंट (सॉल्व्हंट) धरत नाही. दीड इंची अमेरिकी पाइपला जुळणारा अडॅप्टर मागवा आणि कॉम्प्रेशन नट (नळीभोवती आवळून सांधा बंद करणारा नट) हाताने घट्ट करा. मग शॉवरच्या तळात दोन-तीन लिटर पाणी साठवून एकदम सोडा, प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू फिरवा, आणि पंखा लावून ती पट्टी पुन्हा एकदा जाळीवर धरा.